आतोबांचे दिवंगत खेळाडू

खेळाचा इतका नाद असलेला आणि जन्मात एकदाही न धावलेला दुसरा माणूस अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही. हे माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. देवासला त्यांच्या गल्लीत त्यांना सगळेच आतोबा म्हणतात, दूधवाल्यासकट. त्याला ते आडनाव वाटतं. वीज मंडळातली सारी नोकरी आतोबांनी बसनं ये-जा करून केली, पण सुटलेल्या बसमागे ते कधी दोन पावलंसुद्धा पळाले नाहीत. बस सुटली की ते थांब्यावर उभे राहून शेजारच्या माणसाला सांगायला लागत, की पूर्वी धारला एक गडी होता, तो सुटलेल्या मोटारीला शेतातून आडवा जाऊन पुढच्या वळणावर कसा गाठायचा. गडी अजून शेतातच असायचा, तोवर दुसरी बस यायची. ती शेजारचा माणूस हटकून पकडायचा, मग ती कुठेही जाणारी असो.

आतोबांचं प्रेम खेळापेक्षा खेळाडूंवर, आणि त्यातही एक अट आहे. खेळाडू दिवंगत असला पाहिजे. हयात खेळाडूबद्दल ते मत देत नाहीत. "अजून शिजतोय तो," म्हणतात, "उतरल्यावर बघू." जावयानं भिंतभर मोठा टीव्ही आणून दिला, म्हणून क्रिकेटच्या एका अंतिम सामन्याला सगळी गल्ली त्यांच्याकडे जमली होती. शेवटचं षटक चालू, माणसं खुर्च्यांच्या कडेवर आलेली, आणि आतोबांनी एकदम टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांना उज्जैनच्या एका पहिलवानाची शेवटची कुस्ती आठवली होती. समोरचे सोनीजी हात जोडून म्हणाले, "आतोबा, आज का दिन छोड़ दो यार." आतोबा म्हणाले, "हे उद्या पेपरात येणारच आहे. ते तुम्हाला कोण सांगणार?" सामना कोण जिंकलं ते गल्लीला बाहेर फुटलेल्या फटाक्यांवरून कळलं. पण पहिलवानानं पाठ लावून न घेता आखाडा कसा सोडला, हे आजही तिथली पोरं घडाघडा सांगतात. "चालू मॅच कुणीही बघतो, भिया," असं आतोबांचं म्हणणं. "झालेली मॅच बघायला डोळे लागतात."

आता आमचं देवास हे गावही असं, की झालेली मॅच इथे कधी पुरती होतच नाही. पूर्वी या एकाच गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक राजा, त्या बाजूला दुसरा. त्यामुळे इथल्या प्रत्येक जुन्या कुस्तीचे दोन निकाल असतात. थोरल्या पातीच्या माणसाला विचारावं तर त्यांचा गडी जिंकलेला, धाकटीच्या माणसाला विचारावं तर त्यांचा. अशाच एका कुस्तीचा निकाल लावायचा म्हणून आतोबा बसनं हाटपिपल्याला गेले. ती कुस्ती डोळ्यांनी पाहिलेले एक जख्ख म्हातारे तिथे होते. म्हाताऱ्यांनी सांगितलं की ऐन रंगात आखाड्यात बैल शिरला, दोन्ही पहिलवान झाडावर चढले, आणि कुस्ती तिथेच राहिली. आतोबांना कोण आनंद! परतल्या पावली ते दोन्ही पहिलवानांच्या घरी गेले आणि तुमचा गडी जिंकला नव्हता, झाडावर होता, असं दोघांनाही सांगून आले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या त्या दोन घरांचं तेव्हापासून एका गोष्टीवर एकमत आहे. आतोबांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही.

पत्ता विचारायचा तो मात्र आतोबांना कधीच विचारू नये. एकदा गाल सुजलेला एक माणूस दातांच्या डॉक्टरचं घर विचारत आला. आतोबा म्हणाले, "सरळ जा. दोरावर उलटं लटकून विडा खायचा तो मल्लखांबवाला, त्याच्या घरावरून पुढे. मग हॉकीच्या सेंटर-हाफचं घर. तिथून डावीकडे." तो माणूस गालावर हात धरून म्हणाला, "दादा, ये सब कां मिलेंगे?" आतोबा म्हणाले, "मिलेंगे कैसे? सब गुज़र गए." माणसानं निमूटपणे हात जोडले आणि दुखऱ्या दाढेसकट उलट दिशेला निघून गेला. डॉक्टरचा दवाखाना शेजारच्याच घरात होता, हे आत्यानं गॅलरीतून ओरडून सांगितलं तेव्हा तो कोपऱ्यावर पोचला होता.

पण आतोबांचं खरं रूप पाहायचं असेल तर पितृपक्षात यावं. आमच्याकडे महालयाला आईवडिलांबरोबर काका, मामा, गुरू, स्नेही, सगळ्यांची नावं घेऊन पिंड देतात. यातल्या 'स्नेही' शब्दाचं बोट धरून आतोबांनी माळव्यातले निपुत्रिक, विसरलेले, कुणी पाणी न देणारे सगळे खेळाडू आत आणले. गुरुजी पहिल्या वर्षी अडले. "गोत्र?" त्यांनी विचारलं. "आखाडा," आतोबा म्हणाले. "आखाडा हे गोत्र नव्हे." "मग ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप म्हणता ना? म्हणा काश्यप." तेव्हापासून महूच्या छावणीतला एक ख्रिस्ती गोलकीपरही आमच्या आतोबांकडे काश्यप गोत्रात जेवतो. त्याच्या पानात आत्या खिरीशेजारी एक नानकटाई ठेवते. पहिलवानाला बदाम घातलेलं दूध आणि पाच वडे. पहिलवानाच्या पानावर कावळा झटक्यात बसतो, आणि मल्लखांबवाल्याचा कावळा आधी तारेवर एक कोलांटी घेतो, असं आतोबा शपथेवर सांगतात. आत्या पदर खोचून वाढत असते आणि तोंडानं चालूच असतं, "माझ्या सासूबाईंना एक वडा आणि त्या दांडगेश्वराला पाच! वरून बघत असतील हो त्या." आतोबा शांतपणे म्हणतात, "आईला पचत नव्हते." असं बोलत असली तरी त्या पानांतलं मीठ आत्या एकदाही विसरली नाही, हेही मी पाहिलेलं आहे.

या पंगतीत परवाच्या पितृपक्षात एक पान नव्यानं वाढलं आणि पुढचं सगळं रामायण त्या पानानं घडवलं. ते पान शेवंताबाईचं.

शेवंताबाई ही धारची मुलगी. तिचे पूर्वज मराठी फौजेबरोबर आले आणि राजवाड्याच्या पागेत लागले. वडील टांगा चालवत. मुलींनी मैदानात पळणं म्हणजे घराला काळिमा, असं समजण्याच्या काळात ही पोरगी साडीचा काष्टा घट्ट मारून खो-खो खेळत असे. धारला एक मोठा सामना झाला. समोर बाहेरगावचा नावाजलेला संघ. शेवंता पळायला उतरली आणि डाव संपल्याची शिट्टी झाली तरी तिला कुणी शिवू शकलं नाही. बाकीच्या आल्या, बाद झाल्या, गेल्या. ही आपली खांबाभोवती अशी फिरत राहिली, की जणू अंगणात तुळशीला प्रदक्षिणा घालते आहे. आतोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे, मामाकडे धारला आलेले, मामाच्या खांद्यावर बसून त्यांनी हा सामना पाहिला. पुढच्याच वर्षी शेवंताचं लग्न झालं आणि ती दूर डहीला सासरी गेली. ती पुन्हा मैदानात दिसली नाही, आणि माझी तर खात्री आहे, की आतोबांनीही त्यानंतर चालू सामना म्हणून असा पाहिलाच नाही. 

हा सामना पाहिलेली माणसं एकेक करून गेली. पेपरात तो कधी छापून आला नव्हता. आतोबांनी सांगावं आणि लोकांनी हसावं, असं सुरू झालं. "आतोबा की हिरोइन" म्हणून गल्लीत थट्टा होई. बाकीच्या थट्टेला आतोबा हसत, या एका थट्टेनं मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा ते मला म्हणाले, "अरे, मी गेलो की ती मॅच गेली. मग ती झालीच नव्हती म्हटलं तरी कोण अडवणार?" 

अशात बातमी आली, की धारच्या मैदानाची लांबलचक भिंत रंगवून तिच्यावर जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंची चित्रं काढणार. आतोबांच्या अंगात वारं शिरलं. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, असे ते बसनं खेपा घालू लागले. भिंतीचं काम पाहणारे एक साहेब होते. स्वतः कधीकाळी धावणारे, आता पोट पुढे आलेले, स्वभावानं सज्जन. त्यांनी नियम सांगितला, की भिंतीवर फक्त दिवंगत खेळाडू. पहिल्यांदा हयात खेळाडूंना विचारलं होतं, तर जो तो येऊन माझं नाक असं नाही, त्याचं चित्र माझ्यापेक्षा मोठं का, म्हणून भांडायला लागला. "जो गुज़र गए, वो शिकायत नी करते," साहेब म्हणाले. हे ऐकून आतोबांना माणूस एकदम आपला वाटला. 

शेवंताबाई दिवंगत आहेत याविषयी आतोबांना शंका नव्हती. डहीकडे बदलीवर असलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, की त्या घरातली म्हातारी गेल्या चैत्रात वारली. कुस्तीत कुणाची पाठ लागली हे तपासायला तीन गावं पालथी घालणाऱ्या आतोबांनी ही बातमी मात्र तपासली नाही. खेळाडू दिवंगत असणं, ही त्यांच्या लेखी खेळाडूची स्वाभाविक अवस्था. त्यांनी बातमी कळताच डोक्यावरून आंघोळ केली, पितृपक्षात पान वाढलं, आणि साहेबांना सांगून भिंतीवर 'स्व. शेवंताबाई' असं नाव लिहवून घेतलं. फोटो नव्हताच. चितारी म्हणाला, "भिया, मुंह तो बताओ, कैसा था?" आतोबा म्हणाले, "मुंह किसने देखा? सबको पीठ ही दिखती थी." तेव्हा चिताऱ्यानं पाठमोरी शेवंता काढली. खोचलेला पदर, मातीतून उचललेलं पाऊल, हवेत आडवी उडालेली लांब वेणी. भिंतीवरच्या बाकीच्या सगळ्या मोठमोठ्या मिशांमध्ये ती एकटीच आपल्याकडे पाठ करून पळत होती. चित्र पाहून आतोबा चिताऱ्याला म्हणाले, "तू होतास काय रे तिथे?" 

अनावरणाची तारीख ठरली. आतोबा म्हणाले, बाईंच्या मुलाबाळांना आमंत्रण प्रत्यक्ष जाऊन द्यायला हवं. अनावरणाच्याच दिवशी सकाळी डही गाठून, त्यांना गाडीत घालून दुपारपर्यंत धारला आणायचं, असा बेत. गाडी माझी, म्हणून सारथीही मीच. आदल्या दिवशी आम्ही डहीच्या अलीकडे कुक्षीला मुक्काम केला आणि सकाळी डहीला पोचलो. घर सापडलं. दारात एक उंच, काटक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. आतोबांनी घसा खाकरला, चेहऱ्यावर दुखवट्याचं गांभीर्य आणलं आणि विचारलं, "कै. शेवंताबाईंचं घर हेच का?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "घर हेच," ती म्हणाली. "पण मी शेवंता. तुम्ही कोण?"

आतोबांचं तोंड उघडंच राहिलं. मग उलगडा झाला, की चैत्रात गेली ती त्यांची थोरली जाऊ.  पण दुखवट्याच्या घरी कसं वागायचं ते आतोबांच्या अंगात इतकं मुरलेलं, की ते भानावर न येता तेच करत राहिले. पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले, आणि 'येतो' न म्हणता पाठ फिरवून सरळ गाडीकडे चालायला लागले. म्हातारी मागून ओरडली, "अहो भिया, चहा न पिता कुठे निघाले? मयताच्या घरी आल्यासारखे!"

शेवटी मीच त्यांना हाताला धरून परत आणलं आणि बाजेवर बसवलं. आतोबांनी सगळं कबूल केलं; सामना, भिंत, पान, सगळं. शेवंताबाई मराठी फार दिवसांनी बोलत होत्या. शब्द शोधायला थांबत, नाही सापडला तर हिंदीवर भागवत. ऐकून त्या इतक्या हसल्या, की कोंबड्या पांगल्या. "मेल्याची खोटी खबर उठली की उमर वाढते म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर पान वाढलं! आता शंभरीला मरण नाही मला. काय काय होतं पानात?"

"खीर, वडे, आमसुलाची चटणी," आतोबा खालमानेनं म्हणाले.

"खीर नाही आवडत मला. पुढच्या टायमाला श्रीखंड करा."

मग हसू ओसरलं. आतोबांनी नियम सांगितला. हयात माणसाचं चित्र भिंतीवर राहत नाही; खरं सांगितलं की ते पुसणार.  "मी पळून राहिले का त्याच्यात, का उभी आहे?" बाईंनी विचारलं. "पळताय," आतोबा म्हणाले. त्या उठल्या, आत गेल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून बाहेर आल्या. "मिटवतील तर मिटवू दे. त्याच्या आधी मला एकदा बघू द्या," म्हणाल्या. 

धारपर्यंतच्या वाटेत मी व्यवहाराचं बोललो. म्हटलं, आजचा दिवस तिघांनीही गप्प राहायचं. अनावरण होऊ द्या, मग कोण पुसायला येतंय? "मला काय," मागून शेवंताबाई म्हणाल्या, "मेलेली बाई बोलत नाही." कुक्षी मागे पडल्यावर आतोबांनी मान हलवली. साऱ्या आयुष्यात त्यांनी भिंतीवरची ती एक जागा मागितली होती आणि ती मिळाली होती. ती आपल्या हातानं कोण घालवेल?

धारला मांडव भरला होता. खो-खो खेळणाऱ्या शाळेच्या मुली प्रात्यक्षिकासाठी गणवेशात बसल्या होत्या. पडदा ओढला गेला. शेवंताबाईंनी ते चित्र पाहिलं आणि हात आपोआप मागे, आपल्या पांढऱ्या, बोटभर उरलेल्या वेणीकडे गेला.  साहेबांनी भाषण केलं आणि म्हणाले, आता या सर्व दिवंगत खेळाडूंसाठी आपण उभं राहून मौन पाळू. सगळे उभे राहिले. शेवंताबाईही उभ्या राहिल्या, इतरांसारखी मान खाली घालून. आपल्याच मरणासाठी एक जिवंत बाई आमच्या शेजारी मुकाट उभी होती. मी आतोबांकडे पाहिलं. त्यांची मान वर होती.

"साहेब!" आतोबांचा आवाज त्या शांततेत एवढा मोठा उमटला, की झाडावरचे पोपट उडाले. "हे मौन मला पाळवत नाही. या बाई हयात आहेत. ह्या पाहा, इथे उभ्या आहेत."

एकच गलका झाला. साहेब धावत खाली आले. "दादा, स्वर्गीय तो आप ही ने लिखवाया था!"

"लिखवाया था. मेरी गलती. अब मिटवाता हूँ."

"तो फिर फोटो भी मिटेगा. नियम सबके लिए एक. नी तो कल सब मेरे घर आएँगे." साहेबांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. चितारी चुन्याची बादली घेऊन कडेलाच होता. साहेबांनी त्याला खूण केली. आतोबा भिंतीकडे बघत म्हणाले, "मिटा दो." आणि चष्मा काढून पुसायला लागले. ज्या माणसानं हरलेल्या पहिलवानांनासुद्धा कधी हरू दिलं नाही, तो स्वतःचा डाव असा सोडून मोकळा झाला होता. 

चितारी भिंतीपाशी पोचला तोच शेवंताबाई मध्ये उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला. "किसको मिटाना है?" त्यांनी विचारलं. "जिसको मिटाना है वो पेले मेरे को छू के बताए. खो-खो का कायदा है, साहब. बिना छुए कोई आउट नी होता."

लोक हसले. साहेबही हसले आणि वातावरण निवळतंय असं बघून कोट काढून मैदानात उतरले. मुली दोन खांबांच्या मध्ये ओळीनं बसल्या. शेवंताबाई वहाणा काढून उभ्या राहिल्या. वय पंचाहत्तरीच्या पलीकडचं. त्या धावल्या नाहीतच. साहेब झेपावले की त्या बसलेल्या दोन मुलींच्या मधून एक पाऊल टाकून पलीकडे जात. खो-खोत पळणाऱ्याला मधून जाता येतं, पकडणाऱ्याला नाही. त्यानं एकदा धरलेली दिशाही बदलायची नाही. साहेब हे विसरून मधूनच घुसले, तशा सगळ्या मुली ओरडल्या, "सर, फाऊल!" साहेब खांबाला वळसा घालून या बाजूला येत, तोवर बाई त्या बाजूला. दोन वळशांत साहेबांचा श्वास संपला. त्यांनी संघातल्या सगळ्यात चपळ मुलीच्या पाठीवर थाप मारली, "खो!"

आता गंमत संपली असं मला वाटलं. ती मुलगी वाघिणीसारखी उठली. म्हातारी खांबापाशी उभी, हलेना. मुलीनं सूर मारला. शेवंताबाईंनी उजवा खांदा एवढासा पुढे केला आणि डावीकडून निघून गेल्या. मुलगी त्या खांद्याच्या दिशेनं गेली आणि सपशेल मातीत पालथी.  मांडवात जो काही आवाज उठला, तो धारच्या किल्ल्यापर्यंत गेला असणार. आतोबा खुर्चीवर उभे होते. ओरडत होते, "हीच! हीच हुलकावणी! मामाच्या खांद्यावरून पाहिली होती मी!"

मुलगी माती झटकत उठली, शेवंताबाईंपाशी गेली आणि भारावून त्यांच्या पायांवर वाकली. बाई टुणकन मागे सरल्या. "ए छोरी! हाथ मत लगा! आउट करेगी क्या मेरे को? दूर से!" मुलगी गोंधळली, मग हसली आणि लांबूनच हात जोडून उभी राहिली. तिनं पुढच्या मुलीला खो दिला. ती उठली, तिनंही दुरूनच नमस्कार केला आणि पुढे खो दिला. अशी सगळी ओळ उठली. शेवटी कमरेवर हात ठेवून धापा टाकणारे साहेब उरले. त्यांनीही चार हातांवरून हात जोडले आणि चिताऱ्याला म्हणाले, "भिया, बस 'स्व.' मिटा दे."

चिताऱ्यानं तेवढंच पुसलं. मैदान सोडेपर्यंत शेवंताबाईंना कुणी शिवलं नाही. त्यांना डहीला सोडायला दुसरी गाडी निघाली तेव्हा आतोबा दारापाशी जाऊन संकोचून उभे राहिले. "खेळ संपला आता," बाई म्हणाल्या, "लावा हात." आतोबा वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. 

पण त्या दिवसापासून आतोबांना एक नवंच दुखणं लागलं. दिवंगत माणसांची काळजी करावी लागत नाही. ती जिथे ठेवली तिथे असतात. हयात माणसाचं तसं नाही. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की ते डहीला फोन लावतात. पलीकडून शेवंताबाई नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत. "आहे हो, आहे," एवढंच म्हणतात आणि ठेवून देतात. मग आतोबा आत वळून आत्याला "आहेत" म्हणतात, आणि आत्या पोह्यांना फोडणी घालते.

मागच्या रविवारी मी तिथेच होतो. घंटा वाजून वाजून थांबली. आतोबांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तू ऐक," म्हणाले, "माझ्यानं होत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्याही गॅस बारीक करून दारात आली होती. मी तिसऱ्यांदा लावला आणि फोन कानाला धरून घंटा ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं पलीकडे कुणीतरी उचलला आणि धापा टाकत आवाज आला, "गच्चीवर पापड घालत होते. आहे म्हणावं त्यांना."

"आहेत," मी म्हणालो. आतोबांनी मान हलवली, पण वळले नाहीत. पोहे थंड होईपर्यंत ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि आत्यानं त्यांना हाक मारली नाही.